बावीस फेरे

पुंजा, त्या मार्चात कांजिण्या आधी मला आल्या.
सातपूरच्या कामगार वसाहतीत एकच खाट,
आणि तू माझ्या पायथ्याशीच झोपायचास, हट्टाने.
चौदाव्या दिवशी तुझ्या पोटावर पाण्याचे थेंब उठले.
आईने लिंबाचा पाला अंथरला,
फोडणी बंद केली,
आणि आपण पाल्यावर लोळत
एकमेकांचे फोड मोजले.
तुझे माझ्यापेक्षा अकरा जास्त.
तू जिंकलास.

खपल्या पडल्या. आईने न्हाऊ घातलं.
"गेल्या," म्हणाली.
कुठे गेल्या, ते आपण विचारलं नाही.

डॉक्टर बागूल म्हणाले, गेल्याच नव्हत्या.
कवटीच्या तळाशी, कानाच्या पुढे,
मज्जातंतूची एक गाठ असते.
तिथे तो विषाणू अंग चोरून पडून होता,
सत्तेचाळीस वर्षं.
तुझ्या लग्नात, तू पर्मनंट झालास त्या पेढ्यांत,
बाबांना खांदा दिलास तेव्हा
त्या खांद्याच्या वर वीतभर.

मग दिवाळीनंतर कपाळावर नागीण उठली.
डावी भुवई, पापणी, तव्यावर टेकल्यासारखी आग.
रंगूमावशी गेरू घेऊन आली:
"तोंड-शेपूट जुळू देऊ नका गं."
तू हसलास, एका डोळ्याने.
गोळ्या उशिराच सुरू झाल्या. तुझी ड्यूटी होती.
खपल्या धरल्या, पडल्या,
आणि मीही आईसारखंच म्हणाले, गेली.

तिला अंगाभोवती वेढा घालायचाच नव्हता, पुंजा.
ती नसेतून मागे वळली,
मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीच्या भिंतीत शिरली.
भिंत सुजली. वाट बारीक झाली.
एरवी हे तूच मला समजावलं असतंस.
बारा बंगल्यावरून निघालेलं पाणी
पाथर्डी फाट्याला करंगळीएवढं का येतं,
ते तू रस्त्याला कान लावून सांगायचास:
"धरण भरलंय ताई. पाइपही भरलाय, आतून."

सहाव्या आठवड्यात, पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी
जलकुंभाखालच्या चेंबरवर
चावी तुझ्या उजव्या हातातून सुटली.
हेल्परला वाटलं, दव आहे, लोखंड निसटलं.
तू वाकलास आणि वाकलेलाच राहिलास.
तीन कॉलन्यांना त्या दिवशी पाणी आलं नाही.
लोकांनी ऑफिसला फोन करून शिव्या दिल्या,
तुझं नाव घेऊन.

सिव्हिलला सगळे म्हणाले, बीपी, तंबाखू.
एक बागूल तेवढे तुझ्या भुवईवरच्या
पांढऱ्या डागांपाशी थांबले.
बोट फिरवलं. "हे कधीचं?"
त्याचा काय संबंध, असं मी म्हणणार होते.
त्यांनी तुझ्या मणक्यातून पाणी काढलं.
पाणीच म्हणाले ते. मला उगाच धीर आला,
पाणी तुझं ऐकतं.
त्यात जुनी ओळख सापडली.
चौदा दिवस सलाइनमधून औषध, आठ-आठ तासांनी.

आता पाय येतो. हात येत नाही.
आणि शब्द,
तू मला चहा म्हणतोस, चहाला नळ,
आणि चुकलं हे तुला कळतं, ते वाईट.
पण आकडे शाबूत आहेत.
ओट्याशेजारी बसून डाव्या हाताने हवेत चावी फिरवतोस,
एक, दोन, तीन,
बावीसपर्यंत, न अडखळता,
अठरा इंची लाइनचा व्हॉल्व्ह पुरता उघडेपर्यंत.
मग माझ्याकडे बघतोस,
पोचलं का, असं.

पोचलं रे.

रात्री वेणी घालताना
माझं बोट भुवईपाशी रेंगाळतं.
तीच खाट, तोच पाला, तोच मार्च
माझ्याही आत पडून आहे.
लस मिळते म्हणे. मेडिकलवाल्याला विचारून आले.
दोन डोस. किंमत ऐकून मी नुसती मान हलवली,
चिठ्ठीवर लिहून घेतली,
फ्रिजवर लावली आहे,
तुझ्या गोळ्यांच्या वेळांखाली.